जहूरभाई भाग्य होतात

कतारमधल्या अल खोरच्या एका सुपरमार्केटने लकी ड्रॉ काढला, तेव्हा पहिलं बक्षीस मोटार होती, दुसरं टीव्ही आणि तिसरं केस वाळवायचं यंत्र. जहूर मुकादमना तिसरं लागलं. ते घ्यायला स्टेजवर गेल्यावर अदबीने त्यांनी टोपी काढली, आणि समोरची दोनशे माणसं एकदम हसली. जहूरभाईंच्या डोक्यावर कानांच्या वरच्या दोन झालरी सोडल्या तर काहीच नव्हतं.

जहूरभाई मूळचे राजापूरकडचे. अठरा वर्षं ते कंपनीची बस चालवत होते, पहाटे अल खोरहून रास लफानच्या गॅस प्रकल्पावर आणि संध्याकाळी परत. बसमध्ये चाळीसेक माणसं असत, त्यांत सात-आठ मराठी. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर पुण्याचा अवधूत केळकर बसायचा. त्यानेच जहूरभाईंचं नाव 'पनवती' ठेवलं होतं. झालं असं की, एकदा मॅच चालू असताना जहूरभाईंनी गाडी चालवता चालवता विचारलं, "स्कोर काय झाला, अवधूतभाई?" आणि त्याच बॉलला विकेट पडली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर दोन बॉलमध्ये दोन पडल्या. तेव्हापासून बसमध्ये नियमच झाला, जहूरभाईंनी स्कोर विचारायचा नाही.

या थट्टेवर सगळ्यांत जास्त जहूरभाईच हसायचे. पण आत कुठेतरी त्यांना ते खरं वाटत होतं, आणि त्याला अवधूत कारण नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी मुलीचा, रिदाचा जन्म व्हायच्या वेळी त्यांचं विमान चुकलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात ते पोचले ते बाळ चार दिवसांचं झाल्यावर. बायकोची, तय्यबाची आई सहज बोलून गेली, "बरं झालं. तुम्ही नव्हता तरी सगळं सुखरूप पार पडलं." म्हातारीच्या मनात काही नव्हतं. जहूरभाईंनी मात्र ते वाक्य गाठीला बांधलं. आपण नसलो की कामं नीट होतात, असं त्यांचं ठरूनच गेलं. तय्यबा आणि रिदा अल खोरला राहायला आल्यावरसुद्धा रिदाच्या शाळेतल्या शर्यती असोत की निकालाचा दिवस, जहूरभाईंना नेमकी तेव्हाच बस धुवायची असायची.

आणि तय्यबाच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशीही. तय्यबाने मोठ्या जिद्दीने ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. चार वेळा ती टेस्टला गेली आणि चारही वेळा नापास होऊन शेजारच्या मोनालीबरोबर घरी आली. बसचा पक्का ड्रायव्हर असलेला नवरा चारही वेळा बरोबर गेला नव्हता.

जानेवारीत चेन्नईहून एक सिनेमावाली टोळी कतारला आली. त्यांना आठ दिवसांसाठी बस हवी होती. जहूरभाईंची रजा साठलेली होती, म्हणून साहेबांनी त्यांनाच पाठवलं. दिग्दर्शिका होती कयलविळी, पस्तिशीची, बुटकी, डोक्याला पंचा गुंडाळलेली, आणि सारखं काहीतरी खात असलेली. हिंदी तिला तोडकंमोडकं यायचं, जहूरभाईंना इंग्रजी तेवढंच यायचं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

पहिल्याच सकाळी, सामान चढवायच्या आधी, जहूरभाई तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, एक सांगून ठेवतो. दुसरा ड्रायव्हर मागवा. मी पनवती आहे."

"म्हणजे काय?"

जहूरभाईंनी तिला विकेटा सांगितल्या, विमान सांगितलं, शेवटी केस वाळवायचं यंत्र सांगितलं. ते ऐकून कयलविळीच्या हातातला वडा खाली पडला. हसून हसून तिला ठसका लागला.

"तुम्हाला माहीत आहे का, आमचा सिनेमा कशावर आहे?" ती म्हणाली.

सिनेमा होता भाग्यावर. मदुराईचा एक तरुण, त्याचं कुठलंच काम धड होत नाही. एके दिवशी त्याला कळतं की आपल्या वाट्याचं भाग्य कंटाळून नोकरी सोडून गेलंय, आणि आखातात कुठेतरी बस चालवतंय. म्हणून तो त्याला शोधायला निघतो. बसड्रायव्हर झालेल्या भाग्याचं काम करायला चेन्नईचे एक म्हातारे विनोदी नट येणार होते.

"भाग्याला तुम्ही काय म्हणता?" जहूरभाईंनी विचारलं.

"अदिर्ष्टम."

जहूरभाईंनी तो शब्द दोनदा घोळवला. राजापूरच्या मराठी शाळेत जोशी गुरुजी होते, ते म्हणायचे, अदृष्टात असेल ते होईल. "अदृष्ट म्हणजे जे दिसत नाही ते," जहूरभाई म्हणाले. "आमच्या धंद्यात त्याला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. आरशात न दिसणारी जागा. गाडी असते तिथे, फक्त आपल्याला दिसत नाही."

कयलविळीने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. दुसरा ड्रायव्हर तिने मागवला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारे नट आले. विमानतळाच्या सरकत्या जिन्यावरून उतरताना त्यांचा पाय असा मुरगळला की घोटा कलिंगडाएवढा झाला. डॉक्टरांनी दोन आठवडे पाय खाली टेकायचा नाही म्हणून सांगितलं. जहूरभाई त्यांना हॉटेलवर सोडून परत आले ते मान खाली घालूनच.

"मी सांगितलं होतं, मॅडम."

कयलविळीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्याभोवती एक फेरी मारली. दुकानात शर्ट बघावा तसं बघितलं.

"टोपी काढा."

त्यांनी काढली.

"ती बस तुम्ही दोन भिंतींमधून रिव्हर्समध्ये आणू शकाल? दोन्ही बाजूंना वीतभर जागा असेल."

"ते काय मोठं? कामगारांच्या कॅम्पच्या गेटमधून रोज आणतो."

"मग खलास, ठरलं. भाग्य तुम्हीच."

जहूरभाईंना आधी वाटलं की ती चिडून बोलतेय. मग वाटलं, थट्टा करतेय. पण ती खरंच बोलत होती, आणि तिची अडचणही खरी होती. म्हाताऱ्या नटांना बस चालवता येत नव्हती, त्यांच्या जागी गाडी चालवायला कुणीतरी लागणारच होतं, आणि परत जायचं विमान चार दिवसांवर आलं होतं. एकच प्रसंग होता. बस मागे मागे येते, दार बरोबर त्या तरुणासमोर थांबतं, दार उघडतं आणि भाग्य म्हणतं, "उक्कारु तंबी. नान दान अदिर्ष्टम." म्हणजे, बस बाळा, मीच तुझं भाग्य.

संध्याकाळी घरी आल्यावर जहूरभाईंनी कागदावर देवनागरीत लिहिलेलं ते वाक्य तय्यबाच्या हातात दिलं.

"ह्यो काय मंत्र?"

"माझा डायलॉग आहे गो. मी सिनेमात आहे."

तय्यबा मासे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, कागद पुन्हा वाचला आणि हाक मारली, "रिदा! बाहेर ये. तुझ्या बाबाला काहीतरी झालंय!"

रिदाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "बाबा, सीरियसली? नान दान? लाइक, डोनेटिंग नान?"

तिथून पुढे दोन दिवस त्या घरात तेच चाललं होतं. तय्यबा चपातीचं ताट पुढे करायची आणि म्हणायची, "उक्कारु तंबी, नान दान." रिदाने फोनवर तमिळ उच्चार ऐकून बाबांना शिकवले. 'अदिर्ष्टम'मधला 'र्ष्ट' जहूरभाईंच्या दातांत अडकायचा. दाढी करताना, चहा पिताना, नमाजाला निघताना जिन्यात ते पुटपुटत असायचे. शेजारच्या मोनालीने तय्यबाला हळूच विचारलं, भाईंची तब्येत बरी आहे ना?

शूटिंगच्या दिवशी वारा सुटला. उत्तरेला किनाऱ्याजवळ ओस पडलेलं जुनं कोळ्यांचं गाव होतं, तिथल्या पडक्या भिंतींमध्ये हा प्रसंग घ्यायचा होता. दुपारी जेवणाचा तंबू उडाला आणि भाताच्या पातेल्यात वाळू गेली. जहूरभाई बसमध्ये एकटेच बसून राहिले. त्यांच्या अंगात चांदीच्या बटणांचा जांभळा गणवेश होता, आणि तो त्यांना खांद्यांत घट्ट होत होता. तंबू आपल्यामुळेच उडाला, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

कयलविळी दारातून डोकावली. "काय करताय?"

"मॅडम, अजून वेळ आहे. दुसरं कुणी बघा. माझ्यामुळे तुमचा सिनेमा पडेल."

"जहूरभाई," ती पायरीवर बसत म्हणाली, "माझे आधीचे दोन सिनेमे पडले. तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते. दोन्हींचं श्रेय माझंच आहे, ते मी तुम्हाला देणार नाही. यल्ला, चला, गाडी मागे घ्या. ऊन चाललंय."

जहूरभाईंनी गाडी सुरू केली. एकदा स्टिअरिंगवर हात पडल्यावर त्यांना भाग्य, पनवती, कॅमेरा, काही आठवेना. फक्त दोन आरसे होते आणि आरशांत दोन भिंती. डावीकडे वीतभर, उजवीकडे त्याहून थोडं कमी. त्यांनी बस मागे घेतली ती लोण्यातून सुरी काढावी तशी. वाळूचा लोट भिंतींवरून उठत होता आणि कलत्या उन्हात तो सोन्यासारखा दिसत होता. दार अगदी त्या तरुण नटाच्या नाकासमोर थांबलं आणि फुस्स करून उघडलं.

"उक्कारु तंबी," जहूरभाई म्हणाले. "नान दान अदिर्ष्टम."

'र्ष्ट'सुद्धा नीट आला. तरुण आत चढला. आणि अठरा वर्षांची सवय, जहूरभाईंच्या तोंडून आपोआप पुढचं निघालं, "आणि बेल्ट लाव रे."

जहूरभाईंनी कपाळावर हात मारला. झालं, वाटोळं केलं. ऊन तर गेलंच होतं.

कॅमेऱ्यामागून पहिल्यांदा कयलविळीचं हसू ऐकू आलं, मग सगळ्यांचं. तो तरुण नट हसत हसत खरोखरच बेल्ट लावायला लागला होता. तिने तो प्रसंग पुन्हा घेतला नाही. "हेच ठेवणार," ती म्हणाली. "भाग्य मराठी बोलतं हे मला आधी माहीत नव्हतं."

ही बातमी जहूरभाईंच्या आधी त्यांच्या बसमध्ये पोचली. रविवारी पहाटे ते बस घेऊन उभे राहिले तर अवधूतने दारातच वाकून नमस्कार केला. कुणी प्रमोशनच्या मुलाखतीला जायच्या आधी त्यांच्याशी हात मिळवून जाऊ लागलं, कुणी बायकोच्या व्हिसाचा कागद त्यांच्या हाताला लावून घेतला. पुढच्या मॅचला अवधूत स्वतः म्हणाला, "विचारा, जहूरभाई, स्कोर विचारा." जहूरभाईंनी घाबरत घाबरत विचारला. विकेट पडली नाही. त्या बॉलला काहीच झालं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र एके संध्याकाळी तय्यबाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"पंधरा तारखेला माझी टेस्ट आहे. पाचवी. तुम्ही यायचं."

जहूरभाईंनी कप थोडा बाजूला सरकवला. "तय्यबा, ते सिनेमातलं वेगळं गो. तू उगाच माझ्या भरवशावर..."

"तुमच्या भाग्याचा मला काय उपयोग? मला तुम्ही हवेत."

"मी आलो आणि तू नापास झालीस तर?"

"अवो, चार वेळा तुम्ही नव्हता," तय्यबा म्हणाली, "आणि चारही वेळा मी नापास झाले. हिशोब तुम्हीच करा. मग पनवती कोण, तुमचं असणं की तुमचं नसणं?"

इतक्या वर्षांत ही बाजू जहूरभाईंना कधी दिसलीच नव्हती. तय्यबा पुढे बोलली. "रिदाच्या वेळीसुद्धा. आई काय ते बोलून गेली. मी चार दिवस दाराकडे बघत होते, ते तुम्हाला कुणी सांगितलं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. जहूरभाईंनी चहा तसाच ठेवला. बराच वेळ त्यांनी तिचा हात हातात धरून ठेवला. मग नाक ओढलं, उठले आणि म्हणाले, "रिदा, तुझे सगळे कंपासबॉक्स घेऊन ये."

गालिच्यावर रस्ता झाला. कंपासबॉक्सच्या गाड्या, डब्यांच्या झाकणांचे राउंडअबाऊट. तय्यबा खुर्चीवर, हातात ताट स्टिअरिंगसारखं धरून. जहूरभाई शेजारच्या खुर्चीवर, परीक्षा घेणारे पोलीस अधिकारी होऊन, कडक चेहऱ्याने. पाच मिनिटांत त्यांना तिची चूक कळली. वळायच्या आधी तय्यबा आरशात बघत नव्हती, ती अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आपलं बरोबर चाललंय की नाही ते कळावं म्हणून.

"माझ्या थोबाडात रस्ता दिसतोय का?" जहूरभाई म्हणाले. "आधी आरसा. मग खांद्यावरून मागे. मग वळ. माझ्याकडे बघायचं नाही."

"बरं, साहेब."

"आणि हसायचं नाही."

"मग तुम्ही तसं तोंड करू नका ना!"

दोन आठवडे रोज संध्याकाळी हा खेळ चालला. रिदा मधेच रस्त्यात उशी टाकायची आणि ओरडायची, "कॅमल!" तय्यबा ब्रेक मारायची. एकदा ब्रेक इतका जोरात लागला की ताट सुटून थेट अधिकाऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं.

पंधरा तारखेला जहूरभाई ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसले होते. त्यांचा बेत फाटकाबाहेरच थांबायचा होता. तय्यबाने मनगटाला धरून त्यांना आत आणलं आणि बसवलं. ती इतर बायकांबरोबर टेस्टच्या गाडीत बसून गेली आणि जहूरभाईंना घाम सुटला. पडक्या भिंतींमधून बस मागे घेताना सुटला नव्हता तेवढा. शेजारच्या बाकावरच्या लेबनानी माणसाने त्यांना पाणी दिलं. "वाइफ?" त्याने विचारलं. जहूरभाईंनी मान डोलावली. "माय वाइफ, सेव्हन टाइम्स," तो म्हणाला, आणि दोघेही दाराकडे बघत राहिले.

गाडी परत आली. तय्यबा उतरली, सरळ चालत आली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

जहूरभाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काही हरकत नाही गो. पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ कशाला? पास झाले, म्हणतेय मी!"

तिचा चेहरा एकदम फुटला, हसली आणि रडली, दोन्ही एकदम. जहूरभाई बाकावरून उठले तेव्हा टोपी खाली पडली, ती लेबनानी माणसाने उचलून त्यांच्या डोक्यावर घातली, आणि तो स्वतःच टाळ्या वाजवायला लागला. दूरच्या बाकावरच्या दोन फिलिपिनो बायकांनीही वाजवल्या. "साहेबांनी काय विचारलं माहीत आहे?" तय्यबा डोळे पुसत म्हणाली. "आरसा इतका छान कुणी शिकवला? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने, हातात ताट देऊन. त्यांना काही कळलंच नाही!"

ऑगस्टमध्ये सिनेमा दोह्यात लागला. शुक्रवारी दुपारच्या खेळाला अख्खी बस आली, फक्त ती त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर चालवत होता. थिएटर तमिळ माणसांनी भरलं होतं. मध्यंतरानंतर पडद्यावर सोनेरी धूळ उठली, भिंतींमधून एक बस मागे मागे आली आणि दार उघडलं. जांभळ्या गणवेशात, चांदीची बटणं लावून, टोपीशिवाय जहूरभाई. "नान दान अदिर्ष्टम." थिएटरने शिट्टी मारली. आणि "बेल्ट लाव रे" म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून अवधूत आणि मंडळींनी अशी काही आरोळी ठोकली की तमिळ बायका माना वळवून बघायला लागल्या. मग त्याही हसल्या. रिदा सीटवर उभी राहून म्हणाली, "दॅट्स माय बाबा!" आणि पुढच्याच क्षणी, कुणी न सांगता, मराठीत, "माझा बाबा आहे तो!"

जहूरभाई अंधारात दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी तय्यबा होती. पडद्यावरचा माणूस त्यांना जरा रुबाबदारच वाटला.

खेळ सुटल्यावर लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. तिरुनेलवेलीच्या एका आजीबाईंनी तर नातीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. कयलविळीचा फोन आला, चेन्नईतही हॉल भरतायत म्हणाली, आणि तोंडात काहीतरी असल्यामुळे पुढचं नीट कळलं नाही.

घरी जाताना गाडी तय्यबाच चालवत होती. मैत्रिणीकडून घेतलेली जुनी पांढरी गाडी. वाटेतल्या उम्म सलाल मोहम्मद या गावाजवळ तिचा एक्झिट चुकला. "आता काय करू?" ती म्हणाली, पण मान वळवली नाही, आरशातच बघितलं. "काही नाही," जहूरभाई म्हणाले. "पुढे जा. रस्ता कुठेतरी जाईलच." तो एका शेताकडे गेला. तिथे खजुरांच्या झाडांखाली एक माणूस घट्ट दुधाचा करक चहा विकत होता. तिघांनी गाडीत बसूनच चहा प्यायला, खिडक्या उघड्या ठेवून, उन्हं कलताना.

पुन्हा मोठ्या रस्त्याला लागल्यावर तय्यबा त्यांना सिनेमातलं काहीतरी विचारायला गेली आणि थांबली. अठरा वर्षं दुसऱ्यांना नेणारा माणूस शेजारच्या सीटवर, काचेला डोकं टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपला होता. मागून रिदा म्हणाली, "आई, फोटो काढू?"

"काढ," तय्यबा म्हणाली, "पण आवाज करू नकोस." आणि तिने वेग थोडा कमी केला.